वीज गेल्यावर आईंशी बोलायचं कसं

हिवाळ्यात रोज संध्याकाळी दोन तास वीज जाणार असं जाहीर झालं, आणि माझ्या नवऱ्याच्या अंगात आलं. एरवी हा माणूस न्हाणीघरातला बल्ब बदल म्हटलं तर "बघतो" म्हणतो आणि महिनाभर बघत बसतो. पण संकट म्हटलं की त्याला कोण हुरूप येतो! दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघरातल्या प्रत्येक खणावर चिकटपट्टी आणि त्यावर त्याच्या गिचमिड अक्षरात 'काड्यापेटी', 'मेणबत्त्या', 'टॉर्च मोठा', 'टॉर्च लहान'. मी एकेक खण उघडला. सगळे रिकामे. मेणबत्त्या आणि टॉर्च अजून दुकानात होते, म्हणजे दुकानातही नव्हते, कारण बाकीचं गाव आमच्यासारखं आधी चिकटपट्ट्या लावत बसलं नव्हतं.

"आधी जागा ठरवायची, मग वस्तू आणायच्या," तो म्हणाला.

"आणि अंधारात ह्या चिठ्ठ्या वाचायच्या कशा?"

त्याने खण बंद केला. मग म्हणाला, "चमकणारी पट्टी मिळते." आणि चहा तसाच टाकून ती आणायला गेला.

तो लिफ्टचा मेकॅनिक आहे. वीज गेली की गावभर लिफ्टी मधल्यामध्ये थांबतात, आत माणसं आरडाओरडा करतात आणि त्यांना बाहेर काढायला हा जातो. म्हणजे ज्या दोन तासांसाठी आमच्याकडे ही एवढी तयारी चालली होती, त्या दोन तासांत हा घरी नसणारच होता. अंधारात बसणार मी, आणि व्यवस्था लावणार हा. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "आता वाचा, आता कसं दिसतंय" विचारून दमून येते. घरी येऊन मला बॅटऱ्यांवर व्याख्यान ऐकायचं नव्हतं. पण ऐकलं. जेवताना ऐकलं, भांडी घासताना ऐकलं, आणि अंथरुणात पडल्यावर तो "झोपलीस का?" म्हणाला तेव्हा घोरण्याचं नाटकसुद्धा केलं.

खरं तर आमच्या घराचा प्रश्नच नव्हता. आम्ही दोघं धडधाकट माणसं. गॅस आहे, पांघरुणं आहेत. अंधारात बसलो असतो, कंटाळलो असतो, भांडून झोपलो असतो. प्रश्न होता रस्त्यापलीकडच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिथे माझ्या सासूबाई एकट्या राहतात, आणि त्यांना अजिबात ऐकू येत नाही.

सासूबाईंनी अर्धं आयुष्य कापडगिरणीत माग चालवले. मागखात्यात आवाज एवढा की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी कळायचं नाही. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज न काढता, तोंड चांगलं वाकडंतिकडं करून, खात्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुकादमाची निंदा करायला त्याच्या जाण्याची वाट बघावी लागायची नाही, तो पाठमोरा झाला की पुरे, असं सासूबाई अजून खुशीत सांगतात. पुढे त्या आवाजाने कान हळूहळू गेले ते गेलेच. पण समोरच्याचं तोंड दिसलं की त्यांना शब्दन् शब्द कळतो. तोंड रस्त्यापलीकडच्या खिडकीत असलं तरी कळतो. आमच्या खिडकीला जाड पडदे आहेत ते काही थंडीसाठी नाहीत.

अशा आईच्या हाताखाली वाढलेल्या दोन्ही मुलांना, म्हणजे माझा नवरा आणि त्याची थोरली बहीण यांना, एक भलतीच खोड लागली. मनातलं काही बोलायचं असलं, रडू आलं, राग आला, की यांचा आवाज बंद पडतो आणि नुसते ओठ हलतात. लहानपणी आईपर्यंत पोचायला आवाज लागायचाच नाही ना! माझ्या नवऱ्याने मला लग्नाचं विचारलं तेव्हा मी तीनदा "काय?" म्हटलं होतं. नणंदेने मोठ्या ऑफिसात गेल्यावर ती खोड प्रयत्नाने मोडली. इतकी मोडली, की आता ती भावाच्या वाट्याचंही बोलून टाकते.

तर वीज गेली म्हणजे आमच्यासाठी फक्त दिवा गेला. सासूबाईंसाठी दिव्याबरोबर सगळ्यांचं बोलणंही गेलं. शिवाय दाराची बेल. त्यांची बेल दाबली की आत दोन्ही खोल्यांत लाल दिवे उघडझाप करतात. ती नवऱ्याने बसवलीय, आणि त्याचं एवढं एक काम मी नावं न ठेवता मान्य करते. वीज नाही तर बेल नाही. मग दाराची एक किल्ली आमच्याकडे द्या म्हटलं, तर त्या देत नाहीत. नळावर उभं असताना मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला तर काळजाचा कसा ठोका चुकतो हे त्यांनाच ठाऊक.

"येणाऱ्याने आधी विचारायचं. मी हो म्हणेन. मग आत यायचं," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज कानावर पडत नसल्यामुळे त्या सगळं एकाच सपाट पट्टीत आणि मोठ्याने बोलतात. "माझं घर आहे. धर्मशाळा नाही."

नणंदेचा रोज फोन. ती दुसऱ्या शहरात राहते, तिच्या इमारतीला जनरेटर आहे, आणि जनरेटर असलेल्या माणसाला बाकीच्या जगाची फार काळजी वाटते. आईला गरम पाण्याची पिशवी दिली का? आईच्या वाटेतली सतरंजी उचलली का? आईच्या खोलीत मेणबत्ती अजिबात ठेवू नका. मेणबत्ती नाही तर मग काय ठेवलंय? उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकून होते, पण हिचा उंट चांगला उंच होता. शेवटी एकदा ती सरळ म्हणाली, "हे बघ, काही गडबड झाली तर मी येऊन आईला घेऊन जाणार. हिवाळ्यापुरतं नाही. कायमचं. त्या खोल्या सोडून देऊ."

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि शेवटचं वाक्य परत म्हणायला लावलं. मग उठून ओटा पुसायला लागल्या. ओटा पुसलेलाच होता.

आता आपल्या घरी का नाही आणलं, असं कुणीही विचारेल. मी सोज्वळपणाचा आव आणत नाही. मला त्या माझ्या घरात नको होत्या. त्यांनाही माझं घर नको होतं. एकदा पाय मुरगळला म्हणून थोडे दिवस आल्या होत्या. तेव्हा त्यांनी माझी घासलेली भांडी पुन्हा घासली, मी त्यांची घासलेली पुन्हा घासली, आणि नवरा बिचारा कोरड्या ताटासाठी ताटकळत उभा. त्यानंतर मधे रस्ता असलेला बरा, ह्या बाबतीत आमचं दोघींचं एकमत झालं. आमचं तेवढं एकच एकमत आहे. तर तो रस्ता राखायचा असेल तर अंधारात त्यांना एकटं राहता येतं हे नणंदेला दाखवायला हवं होतं.

नवऱ्याने ते काम अर्थातच अंगावर घेतलं. बॅटरीवर लुकलुकणारी बेल मिळते, पण ती मागवली तर 'लवकरच येईल' असं उत्तर आलं, आणि त्या लवकरचं काही खरं नव्हतं. मग त्याने कामावरून पातळ तार आणली, दोन कप्प्या आणल्या. दाराबाहेर एक कडी. कडी ओढली की तार कप्पीवरून आत येणार, छतालगत खोली ओलांडणार आणि तिच्या टोकाला सासूबाईंच्या मनगटात एक पट्टा. बाहेरून ओढलं की आत हात वर. मी हे चित्र कागदावर बघितलं तेव्हाच कपाळावर हात मारला.

सासूबाईंनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. "मी काय दावणीची शेळी आहे?"

"अगं आई, फक्त दोन तास."

"शेळीलाही रात्री सोडतात."

मग पट्टा रद्द झाला आणि त्याजागी वाळूची पिशवी आली. कडी ओढली की पिशवी खुर्चीच्या हातावर अलगद टेकणार. त्याची तालीम घ्यायची म्हणून एका संध्याकाळी आम्ही तिघं सासूबाईंच्या खोलीत जमलो. नवऱ्याने पडदे ओढले, मला मोठा टॉर्च दिला, सासूबाईंना खुर्चीत बसवलं, हातात चहा दिला, म्हणजे वातावरण नेहमीसारखं वाटेल. बाहेर जाऊन त्याने मेन स्विच पाडला. अंधार झाला. मग त्याने कडी ओढली. पिशवी अलगद वगैरे काही नाही, धपकन चहात पडली.

सासूबाई ओरडल्या. मी घाबरून टॉर्च लावला आणि त्यांच्या तोंडावर मारला. भाजलंय का, काय झालंय, "आई, बरं आहे ना?" मी विचारत सुटले. त्या डोळ्यांवर हात घेऊन आणखीनच ओरडायला लागल्या.

"अगं, डोळे फोडतेस का माझे? माझं तोंड मला काय दाखवतेस? मी रोज बघते ते! तुझ्या तोंडावर मार!"

मी थिजलेच. नुसती मीच नाही, आम्ही सगळेच इतके दिवस त्यांच्यासाठी दिवे जमवत होतो. त्यांच्या खुर्चीजवळ, उशाशी, हाताशी. उजेड त्यांच्यावर पाडून आम्ही अंधारात उभे राहणार होतो आणि तिथून त्यांच्याशी बोलणार होतो. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे सुचू नये! मी टॉर्च घाईघाईने हनुवटीखाली धरला.

"आता हडळ दिसतेस," त्या म्हणाल्या. "जरा बाजूने. हां. आता बोल."

"भाजलं का?"

"चहा गार होता. तू केलेला ना?"

एवढ्यात लक्षात आलं की नवरा अजून बाहेरच आहे आणि मेन स्विच काही वर होत नाहीये. मी दार उघडून टॉर्च मारला. हा भिंतीला हात टेकून उभा, तोंड कळवळलेलं, आणि ओठ भराभर हलतायत. आईला भाजलं या धसक्याने त्याचा आवाज गेला होता आणि तो अंधारात, बंद दाराआडून, मूकपणे विचारत होता, "काय झालं, काय झालं?" मला हसावं की रडावं कळेना. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, अंधारात तरी आवाज काढत जा!"

बेलचा प्रश्न शेवटी सासूबाईंनीच सोडवला. आम्ही तारा-कप्प्या उतरवत होतो तेव्हा त्यांनी आपली खुर्ची ओढत नेली आणि तिची पाठ दाराला चिकटवून ठेवली. बसल्या. म्हणाल्या, "बाहेरून लाथ मार." नवऱ्याने दाराला खालून बूट मारला. "कळलं," त्या म्हणाल्या. "पाठीत कळतं. तू तीनदा मार, ही दोनदा मारेल. चारदा मारलं तर मी उघडणार नाही, तो कुणी परका." डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणायचा तर तसं नाही, कारण उंदीर आम्ही काढलाच नव्हता. आम्ही फक्त डोंगर पोखरला.

मग वीज जायला लागली. जाहीर केल्याप्रमाणे, हे विशेष. दुकान अंधारामुळे लवकर बंद व्हायचं, मी घरी न जाता थेट सासूबाईंकडे जायचे, दाराला दोनदा लाथ घालायचे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज, मग दार. दाराच्या दिशेने त्यांचा टॉर्च, तोही माझ्या तोंडावर, कारण त्यांना पटलेलं असायचं की मी आत पाऊल टाकायच्या आत काहीतरी बोलणार. मग आम्ही टेबलाशी बसायचो. टॉर्च ज्याला बोलायचंय त्याने धरायचा. नवरा कधी लिफ्टींतून लवकर सुटला तर तोही यायचा, आणि टॉर्च हातोहात फिरायचा. ह्या घराण्यात एका वेळी एकच माणूस बोलतंय असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळ सुखाची जायची असं मात्र नाही. "तू अर्धा शब्द दातात ठेवतेस," सासूबाई म्हणायच्या. "ओठ उघड. त्याला काही पैसे पडत नाहीत." मी म्हणायचे, तुमचं पाणी तापवून ठेवलंय का? त्या म्हणायच्या, मला शिकवू नकोस. मी उठून बघायचे, तर तापवलेलं असायचं, पिशवीत भरलेलं असायचं, आणि माझ्या खुर्चीवर ठेवलेलं असायचं. हे एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, मग रोजच व्हायला लागलं. मी त्याबद्दल काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. गिरणीतल्या गोष्टी सांगताना त्या एकदम आवाज बंद करून नुसत्या ओठांनी बोलायला लागायच्या, मला काही कळायचं नाही, आणि मी "आवाज, आई, आवाज!" म्हणून टेबल वाजवायचे. मग त्या हसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या.

असं सगळं बरं चाललं होतं आणि नणंद आली. न कळवता, सुट्टीच्या दिवशी दुपारी, थेट आईकडे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यांनी धाडलं घोडं, तसलं झालं मला. तिने बेल दाबली तेव्हा वीज होती, पण सासूबाई सवयीने दाराशी खुर्चीत बसून डुलक्या काढत होत्या, लाल दिवे काही दिसले नाहीत. नणंदेने घाबरून दार बडवलं. चारपेक्षा जास्तच वेळा. त्यामुळे सासूबाईंनी ठरल्याप्रमाणे उघडलं नाही. शेवटी ती रस्ता ओलांडून आमच्याकडे आली, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी जाऊन दोनदा लाथ घातली. दार उघडलं. सासूबाई लेकीला बघून हरखल्या, तिचे गार हात आपल्या हातात धरून चोळायला लागल्या. नणंद हसली, पण तिची नजर खुर्चीवर होती. दाराच्या फटीतून गार वारा आत येत होता. खुर्चीवर शाल, खुर्चीखाली लोकरी मोजे.

"ती इथे बसते?" तिने आईकडे पाठ करून मला विचारलं. "दाराशी? पहारेकऱ्यासारखी?"

मी समजावून सांगितलं. सांगताना मलाच ते कसंतरी वाटायला लागलं.  नणंद दुपारभर गोड बोलत राहिली, आईला हसवत राहिली. बहीण आली म्हणून नवऱ्यानेही त्या संध्याकाळचं काम दुसऱ्यावर सोपवलं, तोही आला. अंधार पडायच्या सुमाराला आम्ही चौघं टेबलाशी होतो. आणि वेळेवर, नेहमीप्रमाणे, वीज गेली.

मी टॉर्चकडे हात नेला. अंधारात नणंदेचा हात माझ्या हातावर पडला.

"थांब. लावू नकोस एवढ्यात."

"का?"

"आईला कळणार नाही तोवर बोलून घेऊ."

आधी ती कुजबुजत होती. मग कुजबुजायची गरज नाही हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण आवाज चढला. ती उद्या सकाळच्या गाडीने आईला घेऊन जाणार होती. तिच्याकडे एक खोली तिने आधीच रिकामी केली होती. आईला सांगायचं, थोड्या दिवसांसाठी चल, जरा ऊब मिळेल. तिकडे रमली की मागाहून हळूहळू सांगता येईल. दोन खोल्यांतलं सामान आम्ही आवरायचं. "मी त्या दारापाशी उभी होते, आणि मला वाटलं आत आई मरून पडलीय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मी बडवतेय आणि आतून काही नाही. तुम्ही रोज समोर राहता म्हणून तुम्हाला हे नेहमीचं झालंय. मला नाही सहन होत."

हे खोटं नव्हतं. तिचा जीव होता आईवर.

"अरे, तू बोल ना काहीतरी!" ती भावावर खेकसली आणि तिने टेबलावर हात आपटला. उत्तर नाही. "बोल की! नेहमी गप्प बसतोस!" पुन्हा हात आपटला.

आणि मी? मीही गप्पच होते. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? उद्या संध्याकाळी दुकानातून सरळ घरी जाता येईल. पाय पांघरुणात घेऊन बसता येईल. कुणी मला ओठ उघड म्हणणार नाही. हा विचार आला, आणि पाठोपाठ माझ्या खुर्चीवरची ती गरम पिशवी आठवली.  त्या माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या, आणि आम्ही त्यांचं घर मोडत होतो.

"दिवा लावायला एवढा वेळ लागत नाही," अंधारातून तो सपाट, मोठा आवाज आला.

आम्ही सगळे दचकलो.

"टेबल कोण आपटतंय? अंधारात बसून कोण भांडतंय?" त्यांचे दोन्ही तळवे टेबलावर होते. "माझ्याबद्दल असेल तरच अंधारात बोलाल. लावा."

"लाव," नणंद घाईने म्हणाली. "आणि काही सांगू नकोस तिला."

मी टॉर्च लावला. उजेड पडला तो समोर बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या तोंडावर. त्याचे गाल ओले होते आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता. हा माणूस गप्प नव्हताच. बहीण विचारत होती तेव्हापासून तो बोलत होता, कळवळून बोलत होता, आणि अंधारात आम्हा कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मला ओठ वाचता येत नाहीत. नणंदेला येतात, सासूबाईंना येतात.

"कुठे नको नेऊस?" सासूबाईंनी त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं. मग सावकाश लेकीकडे मान वळवली. "मला कुठे नेतेस?"

नणंदेने तोंड फिरवलं. ते अंधारात गेलं.

मग मी टॉर्च माझ्याकडे वळवला. जरा बाजूने, त्यांना हवा तसा. ओठ उघडले, एकही शब्द दातात न ठेवता सगळं सांगितलं. उद्याची गाडी. रिकामी केलेली खोली. थोड्या दिवसांसाठी असं सांगायचं ठरलेलं. सामान. नणंद मधे "अगं, काय करतेस!" म्हणाली, माझा हात धरला, उजेड हलला. मी हात सोडवून घेतला आणि तेवढं वाक्य पुन्हा म्हटलं. दार बडवताना तिला काय वाटलं तेही सांगितलं, कारण ते न सांगणं अन्याय झाला असता.

सासूबाई ऐकत होत्या, म्हणजे बघत होत्या. त्यांनी हात पुढे करून लेकीच्या गालाला लावला आणि तिचं तोंड उजेडात वळवलं.

"घाबरलीस?"

"हो," ती म्हणाली. तिचाही आवाज गेला होता. नुसते ओठ. "रोज कोण बघणार तुझ्याकडे, आई?" हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं.

सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. त्या माझ्याकडे वळल्या. "आणि अंधारात तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

टॉर्च माझ्या तोंडावर होता. खोटं बोलायला जागाच नव्हती, आणि मला फार राग आला. ह्या घराण्याचा, विजेचा, त्या मूक बसलेल्या नवऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. "काही नाही म्हणाले!" मी ओरडलेच. ओरडून काही उपयोग नसतो हे माहीत असूनही. "कारण मी दमलेय. कारण तुम्ही किल्ली देत नाही, पट्टा बांधत नाही, कुणाचं ऐकत नाही. मला तुम्ही माझ्या घरात नको आहात. आणि तिच्या घरातही नको आहात. तुम्ही इथेच राहा आणि रोज माझ्याशी भांडा. झालं?"

 नवऱ्याने नाक ओढलं. 

"हे मला कशाला सांगतेस?" सासूबाई म्हणाल्या. "मला तुझ्या तोंडावर रोज दिसतं. त्या दोघांना ऐकू येतं. त्यांना सांग."

मी टॉर्च टेबलावर ठेवला आणि खुर्ची वळवली. आता माझी पाठ सासूबाईंकडे होती. त्यांना एक अक्षर कळणार नव्हतं.

"ताई," मी म्हटलं, "मी येते रोज. वीज असली तरी येईन. मला त्या लागतात."